परतीचे बारा मैल

मी एक पिकअप गाडी बोलतेय. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा हौदा. रंग कधीकाळी लाल होता, आता उन्हाने विटकरी झालाय. नेब्रास्कातल्या एका लहानशा गावात मर्ल आणि आर्डिथ दोस्ताल यांच्या घरामागे मी उभी असते.

मला पहिल्यांदा घेतलं ते एका नळकाम करणाऱ्याने. त्याने सात वर्षं माझ्यात पाइप कोंबले आणि एकदाही मला धुतलं नाही. मग मी मर्लकडे आले. मर्ल शाळा गरम ठेवणारे बॉयलर सांभाळायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी तो मला घासूनपुसून ठेवायचा, कारण शनिवारी आम्हाला वेल्डन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याला जायचं असे. एकशे चाळीस मैल जायला, तेवढेच यायला. या कॉलेजात तो एक दिवसही शिकला नव्हता. लहानपणी वडील तिथे नेऊन खांद्यावर बसवून सामना दाखवायचे, एवढंच काय ते नातं. पण ते नातं त्याने रक्ताच्या नात्यासारखं सांभाळलं.

मी स्वतः एकही सामना पाहिलेला नाही. मी बाहेर, हजारो गाड्यांच्या गर्दीत. सकाळी माझा फाळका खाली पाडून आर्डिथ त्यावर सॉसेज भाजायची, ओळखीपाळखीचे येऊन खाऊन जायचे. मग सगळे आत जात आणि मी नुसती ऐकत राही. ओरडा मला कळतो. पण चाळीस हजार माणसं एकदम गप्प होतात ना, ते ऐकवत नाही.

त्या नोव्हेंबरात मी ते ऐकलं. त्या मोसमात आम्ही आधीच चार सामने हरलो होतो. मर्ल एकाहत्तरचा, गुडघे गेलेले. माझाही गिअर अडकायला लागला होता. आम्ही सगळेच थकलेले. हा एक तरी जिंकू, म्हणून गेलो होतो.

दोघं परत आले. मर्लने किल्ली फिरवली, मी दोनदा खोकून सुरू झाले. रेडिओवरचा माणूस सांगत होता, तेवीस-चोवीस, एका गुणाने हार. शेवटचे तीन सेकंद उरले असताना कोल्बी नावाच्या पोराने मारलेला चेंडू दोन खांबांच्या मधून जायचा, तो उजव्या खांबावर आपटून बाहेर गेला. मर्लने रेडिओ बंद केला.

बारा मैल मागे पडले. मग आर्डिथ म्हणाली, "वळव गाडी."

"काय विसरलीस?"

"मी नाही. तू विसरलास. लाज."

मर्लने स्टिअरिंग घट्ट धरलं. "मला काय माहीत ती कोण बसलीय?"

"माहीत नव्हतं म्हणून बोललेलं पुसलं जातं का? काय म्हणालास ते पुन्हा म्हणून दाखव. माझ्यासमोर."

त्याने आधी नजर रस्त्यावर वळवली. मग पुटपुटला, "म्हटलं, याच्या आईने दगड जन्माला घातला असता, तर तोसुद्धा खांबांतून गेला असता."

"आणि दोन रांगा खाली कोण वळून बघत होतं?"

"त्याची आई."

"पाठीवर पोराचं नाव लिहिलेला शर्ट घालून बसली होती बिचारी. काही बोलली नाही. नुसती बघत राहिली तुझ्याकडे."

"ती आता कुठे भेटणार, आर्डिथ? दमलोय गं मी."

"मी पण दमलेय. वळव."

त्याने मला वळवलं.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. गाड्या लावायचं मैदान जवळजवळ रिकामं, वारा कागदी कप लोळवत होता. खेळाडूंच्या दाराजवळ एक निळी गाडी उभी होती, बॉनेट वर केलेलं. शेजारी तीच बाई. मर्ल उतरला. त्याने टोपी काढली. वारा बोचरा होता, तरी काढली.

"बाई, मघाशी... वरून जो ओरडला, तो मी."

"ओळखलं मी."

"चुकलं माझं. तोंडाला आवर राहिला नाही."

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सकाळपासून ऐकतेय मी. आधी कौतुक, मग हे. आज मला कोणाला माफबिफ करायचं बळ नाही, साहेब. वाट बघत दिवे लावून बसले, बॅटरी उतरली. पोरगा येईल आता. त्याला घेऊन घरी जायचंय, बस."

मर्लने पुढे काही बोलायचा प्रयत्न केला नाही. तेवढं शहाणपण त्याला सुचलं. त्याने मला तिच्या गाडीसमोर नाकाला नाक लावून उभं केलं, माझं बॉनेट उघडलं आणि हौद्यातल्या केबल आणल्या. माझी बॅटरीही काही तरणी नव्हती. तरी दिलं, होतं नव्हतं तेवढं. तिसऱ्या खेपेला निळी गाडी धडधडली.

तेवढ्यात तो आला. खांद्यावर बॅग, डोळे सुजलेले, एवढा उंच पोरगा पण खांदे पाडून चालणारा. मर्लच्या हातात केबल बघून थांबला.

"आमच्यासाठी थांबलात? थँक यू, सर."

मर्लने आईकडे पाहिलं. तिला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "बस गाडीत, राजा. थंडी आहे."

ते गेले. मर्ल केबल गुंडाळत कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला. आर्डिथ खाली उतरली, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "तू त्या बाजूला बस. आता मी चालवते."

त्यानंतर तो मैदानात गेला नाही. गुडघे दुखतात, असं लोकांना सांगतो.

आता मी अंगणातून हलत नाही. टायर बसलेत, सीटखाली उंदरांचा संसार आहे. पण दर शनिवारी मर्ल कॉफी घेऊन माझ्यात येऊन बसतो आणि रेडिओ लावतो. स्वभाव काही बदललेला नाही त्याचा. कोणी चेंडू सोडला की अजूनही असं काही बोलतो की उंदरांनी कान झाकावेत. मात्र रेडिओ लावायच्या आधी तो दोन्ही काचा पार वरपर्यंत चढवतो, दोनदा तपासतो.

परवा भंगारवाला येऊन मला बघून गेला. आर्डिथने अजून होकार दिलेला नाही. तिला माझं एवढंच सांगणं आहे, की हा मोसम संपेपर्यंत तरी थांब. मी गेले तर हा माणूस ओरडायचा कुठे?