न उघडलेली पेटी

तपासणीचं पत्र आलं की शाळेत मुलांना नखं कापायला सांगतात आणि कपाटांना कुलपं लावतात. आपण सगळेच अशा शाळांतून शिकलो, तेव्हा नवल वाटायचं कारण नाही.

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या एका गावात पितांबर गुरुजी मुख्याध्यापक होते. साल १९९३. नऊ वर्षं ते घराजवळ, पाचोऱ्याकडे बदली मागत होते. यंदा यादीत नाव होतं. तपासणीचा शेरा चांगला पडला तर पाचोरा, नाहीतर डोंगर आहेच.

सरकारी योजनेतून शाळेला विज्ञानाच्या साहित्याची पेटी मिळाली होती. योजना कितपत साधली हे गुरुवारी तपासलं जाणार होतं. मागच्या वर्षी पेटीचं सील शाबूत होतं, म्हणून तक्त्यात 'स्थिती' या रकान्यात 'उत्तम' पडलं होतं. जूनमध्ये मात्र नव्याने आलेल्या सुनंदाबाईंनी सील तोडलं. सात महिन्यांत भिंगाला चीर गेली, तराजूचं एक पारडं हरवून तिथे डब्याचं झाकण आलं आणि पृथ्वीगोलावरचा भारत बोटं लावून लावून पुसला गेला.

"बाई, तुम्ही माझी बदली फोडलीत," गुरुजी म्हणाले.

पोरं शिकली त्याचं काय, असं बाईंनी विचारलं. त्याला तक्त्यात रकाना नाही, असं गुरुजींनी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

मग गुरुजींनी तालुक्यात रुळलेला उपाय केला. शेजारगावचे मोतीलाल गुरुजी आपली पेटी सुनेच्या दागिन्यांसारखी जपत. ती एका दिवसापुरती मागून आणली. शाळेची पेटी मागच्या खोलीत ढकलली.

गुरुवारी विस्तार अधिकारी निर्मलकुमार आले. ते धुळ्याच्या किराणा व्यापाऱ्याच्या घरातले. वस्तू हातात घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला. कागदात गुंडाळलेला तराजू त्यांनी चौथीतल्या कमलपुढे ठेवला आणि खडू तोलून दाखवायला सांगितलं.

कमलने तराजू उलटसुलट पाहिला. "साहेब, हाई आमनी पेटी नही शे. आमनी मांगनी खोलीमा शे."

गुरुजींनी खाली पाहिलं.

साहेबांनी मागची पेटी आणवली. कमलने झाकणाचं पारडं असलेला तराजू उचलला. दुसऱ्या पारड्याला दोऱ्याने एक खडा बांधलेला होता. तो कशाला, असं साहेबांनी विचारलं.

"झाकन जड व्हतं, म्हनीसन तिकडे खडा बांधा. नही ते तोल खोटा यी."

साहेबांनी तो खडा बोटाने हलवून पाहिला. मग गुरुजींकडे वळले. "असं का केलंत?"

"फुटलं तर आमच्यावर येतं, साहेब. न उघडलं तर कोणी विचारत नाही."

साहेब बाकावर बसले. "आमच्या दुकानात चार वर्षांनीही नवाकोरा दिसणारा माल सापडला की वडील काय म्हणायचे, ठाऊक आहे? 'हा खपला नाही, मुनीमजी, याचा अभिमान धरू नका.' आणि मी मागच्या वर्षी अशाच मालाला उत्तम लिहून गेलो. झाकणसुद्धा उचललं नाही! तुम्ही पेटी उसनी आणलीत, पण तसं करायला आम्हीच शिकवलं."

तक्ता त्यांना भरावाच लागला. 'स्थिती'पुढे त्यांनी 'वापराने झिजलेले' असं लिहिलं, पण शाळेचा एकूण शेरा चांगला दिला. तक्त्याच्या पाठीमागे, जिथे कोणताच रकाना नव्हता, तिथे कमलच्या खड्याची हकिकत लिहिली आणि नव्या भिंगाची मागणी जोडली. उसनवारीबद्दल गुरुजींना चार शब्द सुनावले, पण कागदावर आणले नाहीत. मोतीलाल गुरुजींची पेटी मात्र स्वतःच्या जीपमध्ये ठेवली. "ही मीच पोचवतो. त्यांच्याशीही जरा बोलायचं आहे."

जीप वळणाआड गेली तेव्हा गुरुजींनी टोपी काढून मान पुसली. पहिल्यांदाच त्यांनी सुनंदाबाईंना हसून विचारलं, "बाई, तो खडा बांधायचं पोरीला तुम्ही शिकवलं?"

"नाही गुरुजी. तिचं तिनंच शोधलं."

मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. पाचोऱ्याच्या शाळेत रुजू झाल्यावर गुरुजींनी पहिल्याच दिवशी पेटीची किल्ली मागितली. ती कोणालाच सापडेना, तेव्हा त्यांनी कुलूप तोडायला लावलं.

मित्रांनो, शाळेला काय दिलं हे मोजणं सोपं आहे, ते दारातूनही मोजता येतं. मुलाच्या हाती काय लागलं हे मोजायचं असेल, तर त्याच्याशेजारी बसावं लागतं. आणि तिथे बसल्यावर एखादी चीर दिसली, तर आधी विचारावं, ती काय बघताना पडली?