विणकरणीचा जबाब

विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या बाईंच्या पुस्तकातलं चौथं प्रकरण ज्याने वाचलं नाही, त्याला त्यांच्या विभागात कोणी चहासुद्धा विचारत नसे. पाचशे वर्षांपूर्वी धर्मन्यायालयाने एका विधवा विणकरणीला पाखंडी ठरवलं होतं. "देव आणि मी, मध्ये तिसरा कोणी नको," असा तिचा जबाब. त्या एका वाक्यावर बाईंनी तीस वर्षं शिकवलं, आणि असं शिकवलं की मागच्या बाकावरचे झोपाळूही ताठ बसत.

शाळेतली चांगली नोकरी सोडून चाळिशीत त्यांच्याकडे संशोधनाला आलेली विद्यार्थिनी त्या वाक्यापायीच आली होती. नेमका तिलाच दप्तरखान्यात एका लोहाराचा जबाब सापडला. शब्दाला शब्द तोच. मग दुसऱ्या गावच्या सुईणीचा, मग एका चांभाराचा. न्यायालयाच्या कारकुनाकडे तयार मसुदा होता. नाव बदलायचं आणि बाकीचं उतरवायचं. विणकरीण ते वाक्य बोललीच नव्हती.

विद्यार्थिनीच्या प्रबंधावर सही बाईंचीच व्हायची होती.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला. "आधी पदवी घे, मग बोल."

"तोवर बाई निवृत्त होतील. आणि त्यांनीच शिकवलंय ना, कागद काय सांगतो ते आधी ऐकायचं म्हणून."

सकाळी तिने तिन्ही जबाबांच्या आणि मसुद्याच्या नकला बाईंच्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी चष्मा पुसून वाचलं, पुन्हा वाचलं.

"मसुदा आधीचा?"

"वीस वर्षं आधीचा, बाई."

"हं. बुधवारचा तास तू घे."

ही शिक्षा की काय, या विचाराने दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. बुधवारी बाई वर्गात आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "माझं चौथं प्रकरण चुकलंय. कसं, ते ही सांगेल. नीट उतरवून घ्या, परीक्षेत विचारणार आहे." मग आपलं पुस्तक घेऊन त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

ती बोलत गेली तसतशा बाई लिहून घेत गेल्या, एखाद्या नव्या पोरीसारख्या. चूक कबूल करणारे पुष्कळ असतात. स्वतःची चूक शिकायला बसणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी बाईंनी हात वर केला. "मग विणकरणीचं स्वतःचं असं काय उरलं?"

"एक ओळ, बाई. ती मसुद्यात नाही, दुसऱ्या कोणाच्या जबाबातही नाही. 'आता घरी जाऊ द्या, धाकटी एकटी आहे.'"

बाईंनी पुस्तक उघडलं. त्या जागी तीन टिंबं छापलेली होती.

"मीच गाळली ती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, यात धर्माचं काय आहे." टिंबांच्या वर त्यांनी ती ओळ बारीक अक्षरात लिहिली. "धाकटीचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही, बाई."

"दप्तरखाना उद्या दहाला उघडतो," बाई म्हणाल्या. "मी साडेनऊला दारात असेन."