चेटकिणीच्या शेतातली लावणी

"रोपं जून व्हायला लागली, पानो, आणि तू अजून बांधावरच बसलीस व्हय?"

मांझी सुकोल हेंब्रमनं छत्री मिटली. गावाचा प्रमुख तो, एरवी तिच्या सावलीला उभा न राहणारा. आज जिभेवर गूळ होता.

"बसू नको तर काय करू? चार बिघे एकटीनं लावू? गावची एक तरी बाई उतरती का माझ्या चिखलात?"

खोटं नव्हतं ते. तीन वर्षांमागं शेजारचं पोर तापानं गेलं आणि भगतानं पानोकडं बोट केलं. विधवा, एकटी, वर चार बिघे रान. चेटकीण ठरायला आणखी काय लागतं? गावानं तिचं डोकं भादरलं, गुरासारखं बडवलं. चौघं तुरुंगाची हवा खाऊन आले आणि मिशीला पीळ देत फिरू लागले. पानो मात्र भरपाईच्या अर्जापायी दुमक्याच्या कोर्टात खेपा घालून झिजली. कारकून म्हणायचा, "केस तर वाढलेत की, म्हातारे. नुकसान कुठं दिसतंय?" अखेर गेल्या सोमवारी सरकारचे एक लाख तिच्या खात्यात पडले. बातमी तिच्याआधी गावाला लागली.

"आयक माझं," मांझी म्हणाला. "एक बोकड काप, दोन मडकी भाताची दारू, हंडिया, लाव. गावाला जेवण घालून शुद्ध हो. उद्याच्याला सगळ्या बाया तुझ्या रानात. जबान माझी."

"जेवायला कोण कोण? माझे हात धरणारीबी?"

"गाव म्हंजी सगळंच आलं."

"म्हंजी मार मी खाल्ला आणि बोकड त्यांनी खायचा! शुद्ध मी का व्हायचं, मांझीदादा? वस्तरा काय माझ्या हातात व्हता?"

"पैशाची मस्ती आलीया तुला."

"आली तर आली. ह्ये माझ्या रक्ताचे पैसे हायेत. ज्यांनी रक्त काढलं त्यांच्या पत्रावळीवर न्हाई वाढायची. निघा आता."

त्याच सांजेला पानो ओढा ओलांडून पलीकडच्या गावात गेली. दीडपट रोज कबूल केला. सकाळी दहा बायका गाणी म्हणत तिच्या चिखलात उतरल्या. पानोचा ऊर भरून आला, पण रडायला तिला सवड नव्हती.

दुपारपर्यंत गावातल्या बायका बांधावर जमल्या. त्यातली सालगे पुढं आली. वस्तरा फिरताना पानोचे हात हिनंच धरले होते.

"पानोकाकी, मलाबी घे की रोजावर. घरात दाणा न्हाई."

पानोनं तिला नीट न्याहाळलं. मग घागर कलती करून लोटा भरला.

"आधी ह्ये पाणी पी. चेटकिणीच्या हातचं. सगळ्यांदेखत."

सालगेनं एकदा मांझीच्या ओसरीकडं पाहिलं, एकदा लोट्याकडं. मग डोळे मिटून घटाघट प्याली.

पानोनं रोपांची जुडी तिच्या हातात दिली.

"ओळीत लाव," ती म्हणाली. "वाकडी गेली तर रोज कापीन."