काट मारली की ‘का’ विचारायचं नाही

दुपारची जेवणं उरकली तसं लिफ्टवाल्याने टेबल पुसलं आणि बेटांची यादी मांडली. ग्रीसची आठ बेटं, एकाखाली एक, शाळेतल्या पोरासारख्या वळणदार अक्षरात. समोर त्याची बायको पेन्सिलीला उगाचच टोक काढत बसली होती.

लिफ्टवाला हे तिनेच ठेवलेलं नाव. तो बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि ती दातांच्या कवळ्या बनवायची, म्हणून तो तिला कवळीबाई म्हणायचा. लग्न झालं त्या वर्षी पडद्यांच्या रंगावरून दोघांत तीन दिवस अबोला झाला आणि चौथ्या दिवशी या घरात कायदा पास झाला: नको असेल त्यावर आळीपाळीने काट मारायची, उरेल ते घ्यायचं, आणि काट मारली की ‘का’ विचारायचं नाही. पडदे, सोफा, लेकीचं नाव, सगळं असंच ठरलं. पंचवीस वर्षांत कायदा एकदाही मोडला नव्हता. मूग गिळायला याच्याइतकी सोयीची व्यवस्था दुसरी नाही, हे मात्र दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

बारा दिवसांपूर्वी कवळी घासताघासता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. शुद्धीवर आली तेव्हा ती फरशीवर होती. हृदयाचा ठोका मधेच चुकतोय, पुढच्या महिन्यात तपासण्या करू, असं डॉक्टर म्हणाले. “फिरायला जा, पण चढण नको. आणि मोठं हॉस्पिटल तासाभराच्या आत हवं.” फाईल तिने कपाटात चादरींखाली दडपली आणि घरी ब्र काढला नाही. दहा वर्षं तो या सहलीची वाट बघत होता. शिवाय बोललं की ते खरं होणार, अशी तिला भीती वाटत होती. त्या भीतीला काही अर्थ नव्हता, पण म्हणून ती कमी झाली नाही.

“चला कवळीबाई, पहिला मान तुमचा.”

तिने अमॉर्गोसवर काट मारली. त्याने फोलेगँड्रोसवर मारली. तिने पायऱ्यांच्या सँटोरिनीवर, त्याने मिलोसवर. आता खरी पंचाईत होती. पुढचं नाव हायड्राचं होतं, तिथे मोठं हॉस्पिटल नव्हतं, आणि हायड्रावर त्याचा जीव. मोटारगाड्या नाहीत, सामान गाढवांवरून जातं, लिफ्ट अडकली म्हणून कुणाचा फोन यायचा नाही, असं तो भेटेल त्याला सांगत सुटायचा. तिचा हात पुढे होईना.

“तूच मार,” ती म्हणाली.

त्याने पेन्सिल घेतली आणि हायड्रावर काट मारली.

उरली होती क्रीट, रोड्स आणि कॉर्फू. तिन्हीकडे मोठी हॉस्पिटलं आहेत, हे तिने चोरून पाहून पाठ केलं होतं.

“का?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“सहज.” तो खाली बघत होता.

याने फाईल पाहिली. दुसरं कारणच असू शकत नव्हतं. तिला पकडलं गेल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही.

“तुला कळलंय,” ती म्हणाली. “कधी कळलं?”

त्याने पेन्सिल खाली ठेवली. “कधी म्हणजे? त्याच दिवशी. पण तुला कुणी सांगितलं? मी सहलीहून परत आल्यावर सांगणारच होतो गं.”

“तू काय सांगणार होतास?”

“हाताचं.”

तिला काही कळेना. मग तो बोलत गेला. महिन्यापूर्वी पाचव्या मजल्यावर काम करताना त्याच्या उजव्या हातातून पाना सुटला आणि थेट तळाशी जाऊन पडला. दहा मिनिटं बोटं मेल्यासारखी होती आणि जीभ वळत नव्हती. मेंदूचा छोटा झटका होता, पुन्हा येऊ शकतो, मोठ्या हॉस्पिटलपासून लांब जाऊ नका, असं त्याला सांगितलं होतं.

“आणि तू कशाबद्दल विचारत होतीस?”

तिने एका दमात सांगून टाकलं. तो ऐकत राहिला.

“मला काही झालं तर तू धावशील,” तो शेवटी म्हणाला, “एवढं धरून चाललो होतो मी.”

तीही तेच धरून चालली होती. बारा दिवस सगळ्या भीतीत तेवढी एकच गोष्ट पक्की होती. आता ती खात्रीही राहिली नाही, आणि ती कधी नव्हे इतकी घाबरली. तिने टेबलावरचा त्याचा उजवा हात धरला आणि बोटं गच्च दाबली.

“दाबलेलं कळतंय का?”

“कळतंय,” तो म्हणाला. पण तेवढं म्हणायलाही त्याला जरा वेळ लागला.