माया दोनदा पोहोचली

घराजवळ, मोहन्याच्या वळणावर मायाने घड्याळ बघितलं आणि ती एकटीच खो खो हसत सुटली. दुपारचा दीड वाजला होता. ती पोहोचणार होती संध्याकाळी पाचला.

नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघून आज तेरावा दिवस. आठशेच्या वर किलोमीटर, वय चोपन्न आणि सायकल शिकून जेमतेम चार वर्षं. कल्याणच्या एका लॅबमध्ये रक्त तपासणारी ही बाई रजा टाकून एकटीच निघाली होती. आज पहाटे इगतपुरी सोडली आणि कसारा घाटात सायकल अशी काही सुटली की वेळेचा सगळा हिशोबच कोलमडला. उतारावर माया नुसती 'आऽऽ' करून ओरडत होती. एका ट्रकवाल्याने घाबरून विचारलं, "मावशी, ब्रेक फेल?"

"सायकलचा नाही रे, माझा!"

गल्लीत शिरली तर नवरा, महेंद्र, बनियनवर शिडीवर चढून बॅनर बांधत होता. तोंडात सुतळी. खाली मुलगी अमृता "पप्पा, डावीकडे, डावीकडे" करत होती. बॅनरवर माया हेल्मेट घालून हसत होती, तिरकी. बायकोला बघून महेंद्रच्या तोंडातली सुतळी पडली.

"अगं, तू आत्ता कशी आलीस?"

"सायकलने."

"ते दिसतंय! सगळ्यांना पाचचा टाइम दिलाय. ढोलवाले पाचला येणार. माझी ताई अजून डोंबिवलीतून निघाली पण नाही!"

अमृताने धावत येऊन आईला घट्ट मिठी मारली, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, "मम्मी, तू जा ना परत."

"कुठे?"

"टिटवाळ्याला. तिकडून परत ये, पाचला."

खरं तर मायाला राग यायला हवा होता. पण सकाळपासून तिच्या मनात एक बारीकशी हुरहूर होती, की घर आलं म्हणजे संपलं. आणि इथे पोरगी तिला आणखी थोडी वाट बक्षीस देत होती. ती दोन ग्लास पाणी प्यायली. मग तिने अर्धी भाकरी हातात घेतली, सामानाच्या पिशव्या अमृताच्या गळ्यात घातल्या आणि शेजाऱ्यांनी बघायच्या आत सायकल वळवली.

ओझं उतरलेली सायकल आता पिसासारखी पळत होती. माया आठवू लागली. निघताना तिला वाटलेलं, एवढ्या दिवसांत आपण आयुष्याचा मोठा विचार करू. प्रत्यक्षात तेरा दिवस तिने काय विचार केला? पुढचं झाड कुठेय आणि जेवायला काय मिळेल. जालन्याजवळ एकाच दिवसात तीनदा पंक्चर झालं, तेव्हा ती रस्त्याकडेला बसून रडली, मग बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला आणि उठली. आणि तेरा दिवस कोणी विचारलं नाही, "माझा टॉवेल कुठेय?" एवढं एकच सुख आठवून ती पुन्हा हसायला लागली. ठाकुर्लीच्या रस्त्यावर महेंद्रने मागून कॅरिअर धरून तिला शिकवलेलं, तेही आठवलं. कधी सोडून दिलं ते सांगितलंच नव्हतं त्याने.

जेमतेम सहा-सात किलोमीटरवरच्या टिटवाळ्याला तिने टपरीवर चहा घेतला. चहावाल्याने तिचा रापलेला चेहरा बघून विचारलं, "कुठून आलात, ताई?"

"मोहन्याहून."

"बाप रे! एवढ्या उन्हात? सायकलवर?"

चहा तिच्या नाकात गेला.

बरोबर पाचला ती पुन्हा गल्लीत शिरली. ढोल सुरू झाले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, नणंदबाईंनी ओवाळायला ताट धरलं. इस्त्रीचा शर्ट घालून महेंद्र हार घेऊन पुढे आला, जणू तेरा दिवसांनी पहिल्यांदाच बघतोय. नाटक करायचं ठरलेलं होतं. पण हार घालताना त्याचे डोळे खरेच भरून आले आणि हार हेल्मेटातच अडकला.

"अहो, धरा मला," माया कुजबुजली. "पाय लटपटतायत."

तिला उभंच राहता येईना, म्हणून ती नाचायला लागली. हेल्मेटसकट. मग महेंद्रही नाचला, त्याला अजिबात नाचता येत नसताना.