माझा निळा दोर

मित्रांनो, मी एक जुनी लाइफ रिंग आहे. बुडणाऱ्याकडे फेकतात ना, ती नारिंगी. बाहेरून प्लॅस्टिक, आतून नुसता फोम. त्यामुळे मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यातून निघाले ती थेट एका भल्यामोठ्या क्रूझवर गेले. तेरा मजल्यांचं जहाज होतं ते. पोहायचे तलाव, नाटकगृह, व्यायामशाळा, आणि कधीच बंद न होणारं जेवणघर. मुंबईहून निघालं की गोवा, कोची, लक्षद्वीप, कधी कोलंबो. मी सातव्या मजल्यावर कठड्याला टांगलेली असायचे. एक खलाशी दर आठवड्याला मला पुसायचा, दोर ओढून बघायचा आणि "चांगली आहे" म्हणायचा. तेवढंच काय ते माझं कौतुक. लोक माझ्यापाशी उभे राहून फोटो काढायचे. पाण्यात मात्र मला कुणी कधी टाकलं नाही.

जहाज म्हातारं झालं. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर नेऊन ते कापलं. गाद्या, आरसे, बशा, सगळं रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला आलं. सारंगखेड्याच्या भूपेशने खुर्च्यांबरोबर मलाही टेम्पोत टाकलं. तापीच्या काठावर त्याचं हॉटेल आहे. माझा लोंबणारा दोर बरा दिसेना, म्हणून त्याने तो काढून टाकला. माझ्यावर 'हॉटेल क्रूझ' असं रंगवलं आणि चार स्क्रू मारून भिंतीला पक्कं बसवलं. पुन्हा फोटो सुरू झाले.

दत्तजयंतीला गावात घोड्यांची यात्रा भरते. झिपरू दरवर्षी व्यापाऱ्यांचे घोडे नदीवर नेऊन धुवायचा. त्या सकाळी एक घोडी बिचकली आणि खोल पाण्यात शिरली. तिचा कासरा झिपरूने मनगटाला गुंडाळला होता. लोक ओरडले तसा भूपेश धावत आला आणि दोन्ही हातांनी मला ओढू लागला. मी निघाले नाही. स्क्रूड्रायव्हर सापडेपर्यंत काठावरचा आरडाओरडा थांबला होता. तुटका कासरा घेऊन घोडी पलीकडच्या काठाला निघाली. झिपरू निघाला नाही. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही.

तेरावं झाल्यावर झिपरूची बायको प्रमिलाबाई हॉटेलवर आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"हाई काय शे, भाऊ?"

भूपेश खाली बघत म्हणाला, "कोनी बुडनं ते त्याले वाचाडासाठे शे, वहिनी."

"मंग ती आठे काय करी ऱ्हायनी?" तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

भूपेशने स्क्रूड्रायव्हर आणला. तिच्यादेखत त्याने स्क्रू काढले. चौथा गंजला होता, तो माझा तुकडा घेऊनच निघाला. मग त्याने नवा निळा दोर आणला, मला बांधला आणि घाटावरच्या खांबाला टांगलं.

आता पुन्हा यात्रा भरली आहे. झिपरूचं काम त्याचा थोरला मुलगा भाग्येश करतो. काल कुणीतरी माझा दोर सोडून घोडा बांधायला नेला. दोर चांगला होता, मोह पडला असेल. राग आला का म्हणाल, तर नाही. पण बिनदोराची मी फेकली, तर बुडणाऱ्याला ओढून कोण आणणार? मी त्याच्याबरोबर नुसती वाहत जाईन.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. यात्रेत फिरताना निळ्या दोराने बांधलेला घोडा दिसला, तर त्याला दुसरा दोर द्या आणि माझा मला आणून बांधा. जरा लवकर करा. भाग्येश कमरेइतक्या पाण्यात गेला आहे.