दोन व्याह्यांचं एकमत

मुलाच्या, शिवमच्या लग्नापासून लक्ष्मीबाईंचे यजमान तात्यासाहेब आणि व्याही रामकिसन यांचं कशावरच जमलं नव्हतं. दोघांचे झेंडे वेगळे. चहात साखर किती, इथवरसुद्धा पक्ष मधे यायचा. म्हणून नऊ महिन्यांच्या नातीला, श्रेयाला गोवराचं इंजेक्शन द्यायचं नाही, असं दोघं एका सुरात म्हणाले तेव्हा गहू निवडणाऱ्या लक्ष्मीबाईंचा हात थांबला.

“आपल्या पूर्वजांनी कडुलिंबाच्या पाल्यावर पोरं वाढवली,” तात्यासाहेब म्हणाले.

“परदेशी कंपन्यांचा धंदा हाय हा,” रामकिसन म्हणाले.

मोनिका, रामकिसनांची लेक आणि लक्ष्मीबाईंची सून, पार गोंधळली. “आई, हे दोघं एकमतानं बोलायलेत, म्हणजे कायतरी खरं असंल. राहू द्यायचं का?”

पडेगावात मागच्याच गल्लीत गोवर आला होता. लक्ष्मीबाईंना धाकटा भाऊ आठवला. आईनं दारावर बांधलेला लिंबाचा पाला वाळायच्या आत तो गेला होता.

“शहागंजात सोनारानं कान टोचले, तव्हा पोरगी कुणाच्या मांडीवर म्हणून भांडलात,” त्या म्हणाल्या. “तव्हा नाय सुईची भीती वाटली?”

“ते वेगळं,” दोघंही म्हणाले.

“बरं. मोनिका, पेढे मागव. तुझे बाबा ह्यांच्या पक्षात आले.”

“कोण आलं?” रामकिसन ताठ झाले.

“मग हे तुमच्या पक्षात आले असतील. तुमच्या गावाला, लासूर स्टेशनला फोन करा, पक्षाची मंडळी हार घेऊन येतील.”

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी कव्हा नको म्हणलो? आपल्या देशात बनतं इंजेक्शन. अभिमान पाहिजे.”

“सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं ते,” रामकिसन उसळले. “गरिबाचा हक्क हाय. आम्ही मोर्चे काढले त्याच्यासाठी!”

“व्हय, लई मोर्चे काढले!”

“मग? तुम्ही काढले?”

“रिक्षात भांडा,” म्हणत लक्ष्मीबाईंनी श्रेयाला उचललं.

दवाखान्यात मांडीवरून पुन्हा जुंपली, म्हणून त्यांनी नातीला स्वतःच्याच मांडीवर घेतलं. सुई टोचली, पोरीनं टाहो फोडला, आणि दोन्ही आजोबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

परत येताना इंजेक्शन कुणाच्या राज्यात सुरू झालं यावर दोघं हमरीतुमरीवर आले, तेव्हा कुठं लक्ष्मीबाईंचा जीव भांड्यात पडला.